कौटुंबिक पत्रं वगळू नका: हॅना शीही-स्केफिंग्टन यांचे कागद वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : पदव्युत्तर प्रबंधासाठी आयर्लंडमधल्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या हॅना शीही-स्केफिंग्टन यांचे डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले कागद पाहायचे आहेत. सूचीत कौटुंबिक पत्रव्यवहार एकीकडे आणि राजकीय कागद दुसरीकडे दिसतात. विषय राजकारणाचा आहे, हाताशी वेळ थोडा आहे, तर कौटुंबिक भाग सोडून दिला तर चालेल का? आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट कझिन्स पुढे भारतात आल्या, पुण्याच्या महिला परिषदेशी त्यांचा संबंध होता, तो धागा या संग्रहात लागेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. चालणार नाही. उलट वेळ खरोखरच कमी असेल, तर राजकीय म्हणून नोंदलेले काही कागद मागे ठेवा, पण नवरा-बायकोची आणि माहेरची पत्रं आधी मागवा.

सूची करणाऱ्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. घरातल्या कपाटांतून, ट्रंकांतून, वेगवेगळ्या वर्षी कागद येतात. त्यांना मूळचा क्रम असलाच तर तो राखायचा आणि नसेल तर वाचकाची सोय पाहून गट पाडायचे, ही आमच्या कामाची रीत. मी स्वतः आयुष्यभर खासगी दप्तरं लावली आहेत. ‘कौटुंबिक’ आणि ‘सार्वजनिक’ या दोन चिठ्ठ्या लावताना एकच पत्र हातात धरून बसण्याची वेळ कितीदा आली, हे मलाच ठाऊक. अर्ध्या पानावर मुलाचा खोकला आणि उरलेल्या अर्ध्यावर सभेचा ठराव! असं पत्र शेवटी एकाच गठ्ठ्यात जातं, आणि पुढचा संशोधक त्या गठ्ठ्याचं नाव वाचून ते मागवत नाही.

या बाईंच्या बाबतीत तर ही रेघ जास्तच फसवी आहे. त्यांचा जन्म 1877चा, काउंटी कॉर्कमधल्या कांटर्कचा. वडील डेव्हिड शीही वेस्टमिन्स्टरच्या संसदेत आयरिश पक्षाचे खासदार. काका युजीन शीही धर्मगुरू, जमीन चळवळीत तुरुंगात गेलेले. 1903 साली फ्रान्सिस स्केफिंग्टन यांच्याशी लग्न झालं तेव्हा दोघांनी एकमेकांची आडनावं घेतली. म्हणजे फ्रान्सिसही शीही-स्केफिंग्टन झाले. पुढच्याच वर्षी विद्यापीठात स्त्रियांना समान वागणूक मिळावी या मुद्द्यावरून फ्रान्सिस यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजच्या निबंधकपदाचा राजीनामा दिला. आता हा राजीनामा कोणत्या गठ्ठ्यात ठेवायचा, सांगा. घरातला पगार गेला म्हणून कौटुंबिक, की स्त्रियांच्या हक्कासाठी गेला म्हणून राजकीय?

1908 मध्ये हॅना आणि मार्गारेट कझिन्स (जवळच्यांसाठी ग्रेटा) यांनी ‘आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीग’ काढली. 1912 मध्ये होमरूलचं, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्याचं, विधेयक आलं आणि त्यात स्त्रियांच्या मताचा उल्लेखच नव्हता. 13 जून 1912 रोजी लीगच्या आठ जणींनी डब्लिनमधल्या सरकारी इमारतींच्या खिडक्या फोडल्या. हॅनांच्या वाट्याला डब्लिन कॅसल (ब्रिटिश कारभाराचं मुख्यालय) आलं, मग दोन महिन्यांची शिक्षा, माउंटजॉय तुरुंग, उपोषण आणि पाठोपाठ शिक्षिकेची नोकरीही गेली. चळवळीच्या इतिहासात हे सगळं सापडतं. पण ज्या विधेयकाविरुद्ध मुलीने काचा फोडल्या, त्याच विधेयकासाठी वडिलांच्या पक्षाने उभी हयात घालवली होती, हे समोर ठेवून माहेरची पत्रं वाचली की त्या काचांचा अर्थ बदलतो. वडिलांच्या पक्षाशी असलेला वाद त्यांना रविवारच्या जेवणाच्या टेबलावरही सांभाळावा लागत असणार.

1916 सालाकडे जरा थांबून पाहा, कारण या संग्रहाची किल्ली तिथेच आहे.

ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या ईस्टरच्या सशस्त्र उठावात फ्रान्सिस सामील नव्हते. ते शांततावादी होते. शहरात लुटालूट सुरू झाली ती थांबवण्यासाठी नागरिकांचं पथक उभं करायच्या खटपटीत होते. 25 एप्रिलच्या संध्याकाळी घरी परतताना पोर्टोबेलो पुलाजवळ त्यांना पकडलं. त्या रात्री ब्रिटिश सैन्यातल्या कॅप्टन बोवेन-कोल्थर्स्टने त्यांना ओलीस म्हणून बरोबर फिरवलं, आणि 26 एप्रिलला सकाळी बराकीच्या आवारात थॉमस डिक्सन व पॅट्रिक मॅकिंटायर या दोन पत्रकारांसोबत, कसलीही चौकशी न करता, गोळ्या घातल्या. हॅनांना कोणी कळवलं नाही. शुक्रवारी, 28 तारखेला, त्यांच्या दोन बहिणी चौकशीला बराकीत गेल्या तर त्यांनाच काही काळ अडकवून ठेवलं. त्यांतली एक, मेरी, टॉम केटल यांची पत्नी. केटल त्या वेळी ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते.

त्याच संध्याकाळी सैनिक रॅथमाइन्समधल्या घरी आले. हॅनांनी पुढे दिलेल्या हकिगतीनुसार आधी खिडक्यांवर गोळ्या झाडल्या, मग आत शिरले. मुलगा ओवेन सात वर्षांचाही झाला नव्हता. फ्रान्सिसची अभ्यासिका कुलूपबंद होती. ती उघडली गेली ती त्यांच्याच किल्ल्यांनी, मेलेल्या माणसाच्या खिशातून काढलेल्या. मग कागद, पत्रं, पुस्तकं, चित्रं गोळा करून नेली. ज्याला आधीच मारलं त्याच्याविरुद्ध आता काहीतरी सापडावं, हाच छाप्याचा हेतू, असं हॅनांचं ठाम म्हणणं होतं. त्या दिवसांची हकिगत पाहता ते खोडून काढणं अवघड आहे.

मेजर सर फ्रान्सिस व्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने प्रकरण दडपू दिलं नाही आणि त्याची किंमत त्याने सैन्यातली नोकरी गमावून मोजली. जूनमध्ये लष्करी न्यायालयाने कोल्थर्स्टला दोषी पण वेडा ठरवलं. जुलैत हॅना लंडनला पंतप्रधान ॲस्क्विथ यांना भेटल्या. नुकसानभरपाई त्यांनी नाकारली, चौकशी मागितली. ऑगस्टमध्ये सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. सप्टेंबरमध्ये टॉम केटल सोमच्या लढाईत ब्रिटिश गणवेशात मारले गेले. हॅनांचा सख्खा भाऊ युजीनही (काकांच्याच नावाचा) ब्रिटिश सैन्यातच अधिकारी. एकाच वर्षात एका बहिणीचा नवरा ब्रिटिशांच्या गोळीने गेला आणि दुसरीचा ब्रिटिशांसाठी लढताना. त्या वर्षीची सांत्वनाची पत्रं ‘कौटुंबिक’ म्हणून बाजूला सारून तुम्ही 1916च्या आयर्लंडवर काय लिहिणार?

हा संग्रह एवढा मोठा का आहे, याचं कारणही मला याच घटनेत दिसतं. घरातले कागद उचलून नेले जातात, त्यांचा वाटेल तसा वापर होऊ शकतो, आणि शेवटी न्याय मागायचा तोही कागदांच्या जोरावरच, हे त्या एका संध्याकाळीने शिकवलं. त्यानंतर त्यांनी पुराव्यासारखे कागद सांभाळले. म्हणून कुठलाही कागद हातात आला की त्यात काय लिहिलंय याच्या आधी, तो टिकला का आणि कोणाच्या हातून टिकला, हे विचारा. कात्रणांच्या गठ्ठ्यांना संशोधक नाकं मुरडतात (तेच वर्तमानपत्र मायक्रोफिल्मवर मिळतं ना!), पण कोणती बातमी कापून ठेवली, कोणती नाही, समासात कुठे रेघ मारली, हे मायक्रोफिल्मवर मिळत नाही.

आता एक तांत्रिक बाब. कोणाच्याही खासगी दप्तरात मुख्यतः आलेली पत्रं असतात. त्या व्यक्तीने लिहिलेली पत्रं जगभर, ज्याला लिहिली त्याच्या घरी. त्यामुळे नवखा वाचक आठवडाभर बसतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण हॅनांचा आवाज ऐकतच नाही, फक्त त्यांना उद्देशून बोलणारे लोक ऐकतोय. दोन्ही बाजू एकत्र मिळतात ती नवरा-बायकोच्या पत्रव्यवहारात, कारण दोघांची पत्रं शेवटी एकाच घरात राहिली. आणि हाच भाग तुम्ही सोडायला निघाला होता.

त्यातही 1915 सालची पत्रं आधी पाहा. सैन्यभरतीविरुद्ध भाषणं केल्याबद्दल फ्रान्सिसना त्या वर्षी शिक्षा झाली, त्यांनी अन्नपाणी सोडलं, सुटका झाली आणि ते अमेरिकेत व्याख्यानांना गेले. परतले ते डिसेंबरात. मधल्या काळात ‘आयरिश सिटिझन’ हे चळवळीचं पत्र हॅना चालवत होत्या. महायुद्ध चालू, टपालावर सेन्सॉरची नजर. अशा वेळी संपादकीय धोरण, वर्गणीदारांची रड, पैशांची ओढाताण, मुलाच्या खोड्या हे सगळं एकाच पत्रात येतं आणि काही गोष्टी मुद्दाम आडून लिहिलेल्या असतात. म्हणून पाकीट शाबूत असेल तर ते पत्राइतकंच लक्ष देऊन पाहा. टपालशिक्क्यावरून तारीख मिळते (लोक ‘मंगळवार’ एवढंच लिहून मोकळे होत), सेन्सॉरची पट्टी असेल तर मजकुराचा सूर का बदलला तेही कळतं. पाकीटच नसेल तर पत्र हाती पोचवलेलं असण्याची शक्यता धरून चला.

अमेरिकेचा भाग तुलनेने सोपा आहे. गप्प बसायच्या अटीवर पारपत्र घ्यायला नकार देऊन हॅना 1916च्या डिसेंबरात मुलाला घेऊन खोट्या नावाने अटलांटिक ओलांडून गेल्या. 1918च्या मध्यापर्यंत त्यांनी अडीचशेहून जास्त सभा घेतल्या. जानेवारी 1918 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना भेटून आयरिश स्त्रियांचं निवेदन दिलं. हा काळ बहुतेक छापील स्वरूपात आहे आणि त्यावर बरंच लिहून झालेलं आहे. तुमचा प्रबंध अमेरिकेवर नसेल तर इथे फार रमू नका.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. नवऱ्याच्या हत्येची हकिगत त्यांनी शेकडो सभांत सांगितली. इतक्या वेळा सांगितलेल्या गोष्टीला आपसूक एक घडण येते. प्रसंग धारदार होतात, वाक्यं ठरून जातात. त्या खोटं सांगत होत्या असं मी सुचवत नाही. पण 1916 सालचं टिपण आणि नंतरचं भाषण शेजारी-शेजारी ठेवून वाचायला हवं, आणि प्रबंधात उद्धृत करताना कोणत्या वेळचा मजकूर आहे ते लिहायला हवं. मी वर छाप्याचं जे वर्णन दिलं तेही त्यांचंच म्हणून दिलंय, ते याचसाठी.

पडताळ्यासाठी समोरची बाजू पाहा. मताधिकारवादी कैदी स्त्रियांच्या तुरुंग प्रशासनाच्या फायली डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथे तुरुंगाचा डॉक्टर, गव्हर्नर आणि कॅसलमधले कारकून हॅनांबद्दल आपसात काय लिहीत होते ते वाचायला मिळतं. लष्करी आणि कॅसलच्या गुप्त खात्याचे कागद लंडनमध्ये क्यूला, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. आणि घराबाहेरच्या, पण शत्रू नसलेल्या माणसाची नजर हवी असेल तर रोझामंड जेकब यांच्या रोजनिशा आहेत, याच राष्ट्रीय ग्रंथालयात. वॉटरफर्डच्या क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) घरातल्या या लेखिकेने विसाव्या शतकाचा निम्म्याहून अधिक काळ जवळपास रोज लिहिलं. हॅना त्यांच्या ओळखीतल्या, बऱ्याचदा त्यांच्या टीकेच्याही धनी. स्वतःचे कागद जपणारी बाई स्वतःबद्दल जे ठेवत नाही, ते मैत्रिणीच्या रोजनिशीत असतं. शेरेबाजी करणाऱ्या मैत्रिणी इतिहासकाराला देवासारख्या वाटाव्यात!

शिरगणतीत हॅना सापडल्या नाहीत, तर गोंधळू नका. 1911च्या शिरगणतीवर बहिष्कार टाकायचं आवाहन त्यांच्याच लीगने केलं होतं. मत नाही तर मोजणीही नाही, असा तो हिशेब होता. 1901 आणि 1911ची आयरिश शिरगणती आंतरजालावर फुकट पाहता येते, त्यामुळे नवे संशोधक आधी तिथे धावतात आणि नाव नाही म्हणून ‘त्या परदेशी असाव्यात’ वगैरे लिहून मोकळे होतात.

1920 नंतरचा भागही चाळून ठेवा. ब्रिटनशी झालेल्या 1921च्या कराराच्या विरोधकांची बाजू, डी व्हलेरांच्या फियाना फॉल पक्षाच्या कार्यकारिणीत प्रवेश, 1927 मध्ये पक्ष ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेऊन संसदेत गेला म्हणून बाहेर पडणं, 1933 मध्ये बंदीहुकूम मोडून उत्तर आयर्लंडमध्ये गेल्याबद्दल आर्मा तुरुंगात महिनाभर. 1937च्या राज्यघटनेतल्या, स्त्रीचं जीवन घरात मानणाऱ्या कलमाविरुद्ध त्या लढल्या. ते कलम बदलण्याचा सरकारी प्रस्ताव मार्च 2024च्या सार्वमतात मतदारांनी फेटाळला, त्यामुळे ते आजही घटनेत आहे आणि त्या वेळच्या पत्रकांना अचानक नवे वाचक मिळाले आहेत. 1943 मध्ये स्वतंत्र उमेदवार म्हणून हरल्या, 1946 मध्ये गेल्या.

आता पुणे. मार्गारेट कझिन्स 1915 मध्ये नवऱ्यासोबत भारतात आल्या, म्हणजे फ्रान्सिसच्या हत्येच्या वेळी त्या मदनपल्लीला होत्या. थिऑसॉफीकडे ओढा, ॲनी बेझंट यांचं बोलावणं. टिळकांची होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली तो महिनाही एप्रिल 1916चाच. ‘होमरूल’ हा शब्दच आयर्लंडहून आलेला, तेव्हा कझिन्सबाईंना इथलं राजकारण परकं वाटलं नसावं. 1917 मध्ये मद्रासला ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली, त्याच डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली मताधिकारासाठी शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं, त्यामागे कझिन्स यांची खटपट होती. 1926 मध्ये त्यांनी प्रांतोप्रांतीच्या स्त्रियांना पत्रं पाठवली : स्थानिक समित्या करा, मुलींच्या शिक्षणाबद्दलच्या मागण्या ठरवा, प्रतिनिधी पाठवा. त्यातून जानेवारी 1927 मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद भरली, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्षस्थानी. 1932 मध्ये सरकारच्या वटहुकमांविरुद्ध बोलल्याबद्दल कझिन्सबाई वेल्लोरच्या तुरुंगात गेल्या. याआधी मताधिकाराच्या चळवळीत लंडनच्या हॉलोवे आणि आयर्लंडमधल्या टुलामोर इथे त्यांचा तुरुंग झालाच होता.

पण डब्लिनच्या गठ्ठ्यांत ‘पुणे परिषद’ नावाचं पाकीट मिळेल या आशेने जाऊ नका. तुमचा धागा तिथे सुरू होतो तो कार्यपद्धतीचा. 1908 ते 1913 या काळातले फ्रँचाइज लीगचे कागद पाहा : सभेची परिपत्रकं, पक्षांपासून लांब राहण्याचा आग्रह, गावोगावी शाखा काढायची धडपड, उमेदवारांना विचारायचे प्रश्न. मग 1926ची परिपत्रकं त्यांच्या शेजारी ठेवा. काय आणलं आणि काय मुद्दाम मागे ठेवलं, ते बघा. काचा फोडणं पुण्यात आलं नाही. परिषदेने सुरुवात शिक्षणापासून केली, आणि लगेच बालविवाहाचा प्रश्न पुढे आला. हा बदल कझिन्सबाईंचा म्हणून खपवू नका. इथे सेवासदन होतं, कर्व्यांचं महिला विद्यापीठ 1916 पासून उभं होतं. पुण्याच्या बायकांना संघटना बांधायला शिकवायला कोणी डब्लिनहून यायची गरज नव्हती. आयरिश संग्रहावर काम करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा पाय इथे हमखास घसरतो.

या भागासाठी दिल्लीत महिला परिषदेच्या कार्यालयातलं मार्गारेट कझिन्स यांच्या नावाचं ग्रंथालय, तीन मूर्तीचं संग्रहालय-ग्रंथालय आणि अड्यारचं थिऑसॉफिकल सोसायटीचं दप्तर, असे तीन दरवाजे आहेत. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘केसरी’चे 1926 डिसेंबर ते 1927 जानेवारीचे अंक काढून बसा. इंग्रजी अहवालात ज्या बायका नुसत्या ‘प्रतिनिधी’ असतात, त्यांची नावं मराठी वार्तापत्रात शोधा.

डब्लिनच्या व्यवस्थेबद्दल थोडं. शीही-स्केफिंग्टन कागद एका खेपेत आलेले नाहीत, त्यामुळे हस्तलिखितांचे क्रमांक सलग नाहीत आणि सूची एकाहून अधिक आहेत. सगळ्या उतरवून घ्या आणि एकाच व्यक्तीची पत्रं दोन-तीन ठिकाणी विखुरली आहेत का ते आधी जुळवा. बायकांच्या सह्या बदलतात : लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं, आयरिश रूप, लाडकं नाव. ‘ग्रेटा’, ‘मार्गारेट’ आणि ‘मिसेस कझिन्स’ अशी तीन कार्डं करून ठेवू नका, एकच करा. किल्डेअर स्ट्रीटला, ग्रंथालयाच्या हस्तलिखितांच्या वाचनकक्षात, शिसपेन्सिलच चालते. वाचकपत्र आणि कागदांची मागणी यांची सोय निघण्यापूर्वीच पत्र पाठवून लावून घ्या. फोटोंची परवानगी तिथे विचारा आणि फोटो काढताना प्रत्येक गठ्ठ्याचा क्रमांक चौकटीत येईल असा ठेवा, नाहीतर घरी आल्यावर हजार चित्रं आणि एकाचाही पत्ता नाही अशी गत होते.

स्वामित्वहक्काचा हिशेब पत्र लिहिणाऱ्यावर चालतो, कागद कोणाकडे आहे त्यावर नाही. आयर्लंडमध्ये साधारण नियम लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षांचा. हॅना 1946 मध्ये गेल्या, कझिन्सबाई 1954 मध्ये, पण मुलगा ओवेन 1970 मध्ये. म्हणजे त्याच्या लहानपणच्या पत्रांनाही 2040 अखेरपर्यंत संरक्षण आहे. प्रबंधात दोन-चार ओळी उद्धृत करणं वेगळं आणि पत्रं छापणं वेगळं. छापायचं मनात असेल तर ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागाला आधीच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.